हिरवे कशाला म्हणायचे?

26 फेब्रुवारी 1972 च्या सकाळी वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीक खोऱ्यात कोळसाखाणीचा गाळ अडवणारा बांध फुटला. खालच्या खाणकामगारांच्या वस्त्या वाहून गेल्या. 125 माणसे दगावली. कोळसा नेऊन झाल्यावर मागे उरणाऱ्या जमिनीचा वाली कोण, हा प्रश्न अमेरिकेत तोवर अनेकांनी विचारला होता. आता तो टाळता येईना. तरी कायद्याला पाच वर्षे लागली. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी विधेयक दोनदा रोखले. अखेर 3 ऑगस्ट 1977 रोजी जिमी कार्टर यांची सही झाली आणि त्याच कायद्यातून ‘ऑफिस ऑफ सरफेस मायनिंग’ ही संस्था जन्माला आली. पेनसिल्व्हेनियाचे वॉल्टर हाइन तिचे पहिले संचालक.

खणलेल्या जमिनीवर विविध प्रकारचा, परिणामकारक आणि कायम टिकणारा, शक्यतो त्याच मातीतला झाडोरा उभा राहावा, असे कायदा सांगत होता. पण रानात उभ्या राहिलेल्या निरीक्षकाने ‘झाले’ कधी म्हणायचे? संस्थेने 1979 पासून आखलेल्या नियमांत या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत बांधले गेले. शेजारच्या न खणलेल्या जमिनीचा किंवा ठरवून दिलेल्या मानकाचा आधार घ्यायचा. जमिनीवरचे आच्छादन, उत्पादन किंवा झाडांची संख्या त्याच्या किमान 90 टक्के भरली पाहिजे, आणि ही मोजणीही संख्याशास्त्राच्या 90 टक्के विश्वासपातळीवर टिकली पाहिजे. शेवटचे बी-खत-पाणी दिल्यापासून पाच वर्षे जबाबदारी खाणवाल्याची; जिथे वर्षाचा पाऊस 26 इंच किंवा त्याहून कमी, तिथे दहा वर्षे.

या नियमांना जोर आला तो हमीच्या रकमेमुळे. खाणकाम सुरू होण्याआधीच कंपनीने ती भरायची. खड्डा बुजवून उतार सावरला आणि पाण्याचा निचरा लावला की 60 टक्क्यांपर्यंत रक्कम सुटते. झाडोरा धरला की आणखी काही. उरलेली मात्र मुदत संपून सगळे निकष पुरे झाल्यावरच. वरची सुपीक माती आधी वेगळी काढून जपून ठेवायची आणि शेवटी परत पसरायची, हेही याच कायद्याने सक्तीचे केले. उत्तम शेतजमीन असेल तर तिथे किमान तीन हंगामांचे पीक काढून दाखवावे लागते. मागे पडलेल्या जुन्या खाणींसाठी कोळशाच्या दर टनावर शुल्क बसवून वेगळा निधी उभारला गेला.

इतका विचार करूनही एक घोटाळा झाला. बफेलो क्रीकनंतर उतार घसरण्याची, माती वाहून जाण्याची भीती खरी होती. म्हणून बुलडोझर पुन्हा पुन्हा फिरवून जमीन चोपून काढली जाई. त्यावर टॉल फेस्क्यू गवत आणि आशियातून आणलेले लेस्पेडेझा हे शेंगवर्गीय झुडूप दाट पेरले जाई, कारण आच्छादनाचा आकडा त्यानेच लवकर गाठला जातो. डोंगर हिरवे दिसू लागले, हमीच्या रकमा सुटल्या. पण दगडासारख्या त्या जमिनीत मुळे शिरेनात, पाणी मुरेना, आणि लावलेली रोपे गवताखाली गुदमरून गेली. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अपलाचियाच्या डोंगरांत जिथे ओक आणि अक्रोडाच्या जातीची जुनी राने होती, तिथे गवताची सपाट कुरणे उरली.

व्हर्जिनिया टेकचे जेम्स बर्गर, केंटकी विद्यापीठाचे डॉन ग्रेव्ह्ज यांच्यासारखे अभ्यासक दाखवून देत होते की 1977 पूर्वी सैल टाकून दिलेल्या ढिगाऱ्यांवर झाडे या ‘सुधारलेल्या’ जमिनीपेक्षा चांगली वाढली आहेत. संस्थेतले पॅट्रिक एंजेल सुरुवातीच्या काळात निरीक्षक म्हणून जमीन चोपायला सांगत असत. पुढे ती चूक उघडपणे कबूल करून त्यांनी जंगल परत आणण्याच्या कामाला वाहून घेतले. एका सरकारी संस्थेच्या इतिहासात असा प्रांजळपणा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

2004 मध्ये संस्थेने सात राज्यांना बरोबर घेऊन अपलाचियात पुनर्वनीकरणाचा उपक्रम सुरू केला. त्याच्या पाच पायऱ्या आहेत: मुळांसाठी किमान चार फूट चांगल्या मातीचा किंवा झिजलेल्या वालुकाश्माचा थर, तो न चोपता भुसभुशीत ठेवणे, झाडांना जगू देईल असे विरळ गवत, जमीन धरणारी आणि लाकूड देणारी अशी दोन्ही प्रकारची झाडे, आणि लागवड योग्य पद्धतीने. विशेष म्हणजे यासाठी कायदा बदलावा लागला नाही. त्याच कलमांत हे सगळे बसत होते. बदलली ती कलम वाचण्याची रीत. आधीच चोपलेल्या कुरणांवर आता लोखंडी फाळाने उभी-आडवी खोल नांगरट होते, आणि रोगाने जवळपास नामशेष झालेल्या अमेरिकन चेस्टनटची रोपेही तिथे लावली जात आहेत.

8 जानेवारी 2020 रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही आदेश दिला, की खाणपट्टा देताना खणलेली जमीन पुन्हा गवताखाली, चारा आणि वन्यजीवांना योग्य अशी करण्याची अट घालावी. चंद्रपूर-वणीकडच्या ‘ओबी’च्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या, ढिगांकडे आणि गोव्यातल्या लाल खाणींकडे पाहताना हा आदेश फार आशेचा वाटतो. मात्र त्या ढिगांचे मानक नुसत्या गवताने नव्हे, तर शेजारच्या साग, मोह, पळस, तेंदूच्या रानानेच ठरवावे. जबाबदारीची वर्षे पावसावर ठरावीत. आणि तपासणीला जाणाऱ्याने हिरवा रंग पाहून परत फिरण्याआधी एकदा कुदळ मारून पाहावी. ती सहज आत गेली, तरच उद्या तिथे मोहाचे मूळ जाईल.