झेल घेणाऱ्यांची सुटका: एका यादीचा इतिहास



दर वर्षी मार्च महिना आला की अमेरिकेत एक यादी फिरायला लागते. व्यावसायिक फुटबॉलमधले, म्हणजे एनएफएलमधले, ज्यांचे करार संपले आहेत असे खेळाडू. त्यांना ‘फ्री एजंट’ म्हणतात. आणि या यादीत लोक सगळ्यात आधी ज्या रकान्यावर बोट ठेवतात त्यांत एक नेहमी असतो, ‘वाइड रिसीव्हर’. आपल्या संघाला कोण मिळेल, कितीला मिळेल, कोण म्हातारा झाला, कोणाचा गुडघा गेला, यावर तावातावाने चर्चा होते. आपण आज त्या चर्चेत पडणार नाही. आपल्याला बघायचं आहे ते असं, की ही यादी मुळात आली कुठून? कारण १९९३ च्या आधी अशी यादीच नव्हती. आणि ती होऊ नये म्हणून संघांचे मालक तीस वर्षं झगडले.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. यात क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि मैदानाच्या कडेला उभा असलेला वाइड रिसीव्हर धावत जाऊन तो झेलतो. म्हणजे झेलणारा कितीही चांगला असो, फेकणारा नीट नसेल तर त्याचं काही चालत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मालकांचं म्हणणं काय होतं? खेळाडूला करार संपल्यावर हवं तिथे जायची मोकळीक दिली, तर सगळे चांगले खेळाडू न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या मोठ्या शहरांत जातील, छोट्या गावांचे संघ मरतील आणि स्पर्धेतली चुरस संपेल. हा युक्तिवाद ऐकायला वाईट नाही. खरं सांगायचं तर तो मुद्द्याचा आहे. तो खरा ठरला का, हे शेवटी बघू.

सुरुवात करू एका झेल घेणाऱ्यापासूनच. आर. सी. ओवेन्स, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा रिसीव्हर. मूळचा बास्केटबॉलवाला. १९५७ मध्ये क्वार्टरबॅक वाय. ए. टिटल चेंडू उंच फेकायचा आणि ओवेन्स बचाव करणाऱ्यांच्या डोक्यावरून उडी मारून तो काढायचा. त्याला ‘ॲली-ऊप’ असं नाव पडलं. त्या काळच्या करारात एक कलम असायचं. मुदत संपली तरी संघाला त्या खेळाडूला आणखी एक वर्ष ठेवून घ्यायचा हक्क होता, तोही आधीच्या पगाराच्या ९० टक्क्यांवर. याला ‘ऑप्शन’ म्हणत. बहुतेक खेळाडू या टप्प्यावर मुकाट्याने नवा करार करून टाकत. ओवेन्सने केला नाही. तो ते एक वर्ष खेळला, मोकळा झाला आणि १९६२ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सकडे गेला. सॅन फ्रान्सिस्कोला बदल्यात काहीही मिळालं नाही.

एका माणसाने गाव बदललं, एवढंच घडलं होतं. पण मालक हादरले. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, नवा नियम आला. त्या वेळचे कमिशनर पीट रोझेल, त्यांच्या नावाने तो ‘रोझेल रूल’ म्हणून ओळखला गेला. नियम असा: मोकळा झालेला खेळाडू ज्या संघात जाईल त्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची. दोघांचं जमलं नाही तर भरपाई किती ते कमिशनर ठरवणार, आणि त्यांचा शब्द शेवटचा. आता यातली खुबी बघा. खेळाडूला जायला बंदी नाही. कागदावर तो मोकळाच आहे. पण त्याला घेणाऱ्याला आधी माहीतच नाही की बदल्यात काय गमवावं लागेल. डोळे झाकून सौदा कोण करेल?

पुन्हा एक रिसीव्हर, पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोचाच. डेव्ह पार्क्स. १९६४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकाने घेतलेला. १९६५ मध्ये त्याने ८० झेल घेतले, लीगमध्ये सर्वाधिक. तोही ऑप्शनचं वर्ष खेळून मोकळा झाला आणि १९६८ मध्ये न्यू ऑर्लीन्स सेंट्सकडे गेला. रोझेल यांनी भरपाई ठरवली: न्यू ऑर्लीन्सने त्याच वर्षी पहिल्या फेरीत निवडलेला केव्हिन हार्डी, आणि शिवाय पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड. नव्यानेच उभ्या राहिलेल्या संघासाठी ही जबर किंमत होती. बाकीच्या संघांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला.

पुढे न्यायालयात आलेले आकडे बोलके आहेत. १९६३ ते १९७४ या बारा वर्षांत १७६ खेळाडू ऑप्शनचं वर्ष खेळून मोकळे झाले. त्यांतले दुसऱ्या संघात गेले फक्त ३४. भरपाई कमिशनरने ठरवली अशी प्रकरणं अवघी चार, आणि त्या चारांत दोघे रिसीव्हर होते: पार्क्स, आणि १९७० मध्ये सर्वाधिक झेल घेणारा शिकागोचा डिक गॉर्डन. दरारा बसवायला चार प्रकरणं पुरली.

या नियमाला न्यायालयात नेलं ते जॉन मॅकी यांनी. तेही झेल घेणारेच, पण ‘टाइट एंड’ या जागेवरचे, बाल्टिमोर कोल्ट्सचे. खेळाडूंच्या संघटनेचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या दाव्यावर १९७५ च्या डिसेंबरात मिनेसोटातल्या न्यायालयाने रोझेल रूल बेकायदा ठरवला आणि १९७६ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. खेळाडू जिंकले. आणि मग काय झालं? १९७७ च्या सामूहिक करारात संघटनेने इतर सवलतींच्या बदल्यात भरपाईची नवी पद्धत मान्य केली. आता कमिशनरची मर्जी नव्हती, ठरलेलं कोष्टक होतं, आणि जुन्या संघाला तेवढीच रक्कम देऊन खेळाडू ठेवून घ्यायचा हक्क होता. परिणाम जवळपास तोच. न्यायालयात मिळवलेलं टेबलावर गेलं.

१९८७ मध्ये खेळाडूंनी याच मागणीसाठी संप केला. मालकांनी बदली खेळाडू उभे करून सामने चालू ठेवले आणि २४ दिवसांत संप मोडला. मग १९८९ मध्ये मालकांनी ‘प्लॅन बी’ आणला. प्रत्येक संघाने ३७ खेळाडू राखून ठेवायचे, उरलेल्यांनी हवं तिथे जावं. म्हणजे बघा, ज्याला कोणी फारसं विचारत नाही तो मोकळा. आणि ज्याला सगळे विचारतील तो बांधलेला.

हा प्लॅन बी मोडला १९९२ च्या सप्टेंबरात, मिनियापोलिसमध्ये. न्यूयॉर्क जेट्सचा फ्रीमन मॅक्नील आणि इतर सात जणांचा खटला. ज्युरीत आठ जणी, सगळ्या महिला. त्यांनी सांगितलं, ही पद्धत मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही. लगेच आणखी काही खेळाडूंनी न्यायाधीश डेव्हिड डॉटी यांच्याकडे धाव घेतली, आणि ज्यांचे करार तेव्हा संपलेले होते अशा चौघांना त्यांनी थोड्या दिवसांसाठी मोकळं केलं. त्यांत होते फिलाडेल्फियाचा टाइट एंड कीथ जॅक्सन आणि क्लीव्हलँडचा वाइड रिसीव्हर वेबस्टर स्लॉटर. जॅक्सन मायामीला गेला, स्लॉटर ह्यूस्टनला. ओवेन्सनंतर तीस वर्षांनी एक रिसीव्हर पुन्हा कोणतीही भरपाई मागे न सोडता दुसऱ्या गावी गेला.

मालकांनी हवा ओळखली. १९९३ च्या जानेवारीत तडजोड झाली आणि १ मार्चपासून खरी मोकळीक सुरू झाली. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे, त्यात जो जास्त बोली लावेल तिकडे खेळाडूने जायचं. इथे तसं नाही. फ्री एजंट स्वतः निवडतो, कमी पैशांतही निवडू शकतो.

पण या मोकळिकीला दोन कुलपं लावलेली होती. एक, प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा. १९९४ मध्ये ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. दुसरं, ‘फ्रँचाइज टॅग’. संघ आपल्या एका खेळाडूला वर्षभरासाठी मोठा पगार देऊन बाजारात जाण्यापासून रोखू शकतो. ही दोन कलमं समजल्याशिवाय आजची यादी वाचता येत नाही.

आता संघांना बाजारात खरेदी करायला शिकायचं होतं, आणि शिकवणी महाग पडली. डॅलसचा अल्विन हार्पर १९९४ मध्ये दर झेलामागे सरासरी २४.९ यार्ड काढत होता. १९९५ मध्ये टँपा बेने त्याला भरपूर पैसे देऊन नेलं. पण डॅलसमध्ये चेंडू फेकायला ट्रॉय एकमन होता आणि प्रतिस्पर्ध्यांचं निम्मं लक्ष दुसऱ्या बाजूच्या मायकेल अर्विनवर असायचं. टँपाने हार्पर विकत घेतला, ती परिस्थिती नाही. दोन हंगामांत त्याला सोडून दिलं. त्याच १९९५ मध्ये क्लीव्हलँडने आंद्रे रायझनशी पाच वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला. त्या हंगामात त्याच्या नावावर तीन टचडाउन. हंगाम चालू असतानाच मालकाने संघ बाल्टिमोरला हलवण्याची घोषणा केली, आणि वर्षभरात रायझनही बाहेर.

आणि आता ग्रीन बे. विस्कॉन्सिनमधलं लाखभर वस्तीचं गाव, हाडं गोठवणारी थंडी, आणि १९२३ पासून गावकऱ्यांच्या भागभांडवलावर चालणारा संघ, पॅकर्स. मालकांच्या युक्तिवादातलं ‘मरणारं छोटं गाव’ दाखवायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण नव्हतं. पण १९९३ मध्ये त्या बाजारातला सगळ्यात मोठा बचावपटू, ज्याच्या नावाने खेळाडूंचा खटला चालला तो रेजी व्हाइट, मोठी शहरं सोडून चार वर्षांसाठी १ कोटी ७० लाखांवर इथेच आला.

१९९६ मध्ये याच संघासमोर आपला आजचा प्रश्न उभा राहिला. १४ ऑक्टोबरला मुख्य रिसीव्हर रॉबर्ट ब्रूक्सचा गुडघा पहिल्याच डावपेचात गेला. त्या रात्री उभा राहिला डॉन बीबी. बफेलोबरोबर सलग चार सुपर बोल हरलेला, तिशी ओलांडलेला, त्याच वर्षी घेतलेला. त्याने ११ झेलांत २२० यार्ड काढले. मग अँटोनिओ फ्रीमनचा हात मोडला. नोव्हेंबरात जॅक्सनविलने एका रिसीव्हरला सोडलं आणि व्यवस्थापक रॉन वुल्फ यांनी त्याला उचललं. तो होता रायझन. आणि उन्हाळ्यात त्यांनी आणखी एक पडेल खेळाडू घेऊन ठेवला होता, डेस्मंड हॉवर्ड. महाविद्यालयात हाईझमन पुरस्कार मिळवलेला, पण व्यावसायिक खेळात रिसीव्हर म्हणून दोन संघांत न जमलेला. वुल्फ यांना त्याच्याकडून झेल कमी आणि किक परतवणं जास्त हवं होतं.

२६ जानेवारी १९९७, न्यू ऑर्लीन्स, सुपर बोल. पॅकर्सच्या दुसऱ्याच डावपेचात रायझनने ५४ यार्डांचा टचडाउन घेतला. न्यू इंग्लंड २७-२१ पर्यंत जवळ आल्यावर हॉवर्ड ९९ यार्ड पळाला आणि सामना फिरला. सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. व्हाइटने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला तीनदा पाडलं. आणि टाइट एंड कोण होता? कीथ जॅक्सन, १९९२ च्या त्या चौघांतला. ३५-२१. एकोणतीस वर्षांनी विजेतेपद त्या छोट्या गावात परतलं, तेही मालकांना ज्याची भीती होती त्या मोकळ्या बाजारातून माणसं आणून.

मग मालक चुकीचे होते का? निम्मे. मोकळिकीने छोटं गाव मेलं नाही हे दिसलंच. पण ते मेलं नाही याचं एक कारण पगाराची मर्यादा, आणि ती मालकांनी मागितली होती. ज्यांनी खटला जिंकला त्यांनी आपल्या कमाईवर छत मान्य केलं. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आल्या.

ती मर्यादा २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख डॉलरवर पोचली. कुलपं मात्र तीच आहेत. म्हणून मार्चची यादी उघडली की सगळ्यात चांगले तरुण रिसीव्हर त्यात बहुधा दिसत नाहीत. संघांनी त्यांचे करार आधीच वाढवलेले असतात, नाहीतर टॅग लावलेला असतो. उरतात वयस्क, दुखापतीतून उठलेले, आणि दुसऱ्याच्या सावलीत चमकलेले. त्यांत हार्पर कोण आणि बीबी कोण, हे ओळखणं म्हणजेच ती चर्चा. आम्हाला वाटतं, तो कोण आहे यापेक्षा आधी त्याला चेंडू कोण फेकत होतं, आणि आता कोण फेकणार, हे विचारावं.

शेवटी जॉन मॅकी यांच्याबद्दल. १९९३ च्या मोकळिकीचा एक पैसाही त्यांना मिळाला नाही. ते १९७२ मध्येच निवृत्त झाले होते. हॉल ऑफ फेमने त्यांना घेतलं १९९२ मध्ये, पात्रतेच्या अगदी शेवटच्या वर्षी. पुढे स्मृतिभ्रंश झाला. अशा आजारी माजी खेळाडूंच्या शुश्रूषेसाठी लीग आणि संघटनेने २००७ मध्ये योजना सुरू केली, तिचं नाव ‘८८ प्लॅन’. ८८ हा मॅकी यांच्या जर्सीचा क्रमांक. २०११ मध्ये ते गेले. पुढच्या मार्चमध्ये ती यादी दिसली तर त्यात नसलेलं हे एक नाव आठवावं, एवढंच सांगायचं होतं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.