अभियांत्रिकी शिक्षण : काम गटाचे, गुण कोणाचे?

पूल, धरण, खतांचा कारखाना किंवा संगणकप्रणाली यांपैकी काहीही एकट्या अभियंत्याच्या हातून उभे राहत नाही. पदवीचे शिक्षण मात्र दीर्घकाळ एकट्याने ऐकण्याचे, एकट्याने उदाहरणे सोडविण्याचे आणि एकट्यानेच परीक्षा देण्याचे राहिले. ही तफावत दूर करण्यासाठी विद्यापीठांनी गटकार्याचा अवलंब केला. पण चार विद्यार्थ्यांना एका टेबलाभोवती बसविले म्हणजे संघ तयार होतो काय आणि चौघांना सरसकट सारखे गुण देणे न्याय्य ठरते काय, या प्रश्नांवर गेल्या काही दशकांत बरेच संशोधन झाले आहे.

रस्सीखेचीचा धडा

या प्रश्नाचे मूळ जुने आहे. मॅक्सिमिलियँ रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांचे बळ मोजले. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार माणसे वाढत गेली, की दरडोई बळ घटत जाते. आठ जणांच्या गटात ते जेमतेम निम्म्यावर येते. याचे एक कारण ताळमेळाचा अभाव हे होते. दुसरे कारण बिब लाताने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रयोगाने दाखविले. आपण गटात आहोत एवढ्या नुसत्या समजुतीनेही माणूस कमी कष्ट घेतो, असे त्यांना आढळले. वैयक्तिक वाटा दिसेनासा झाला, की आयत्या बिळावरच्या नागोबांचे फावते, हा अनुभव प्रकल्पाचे काम केलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला नवा नाही.

सहकारी अध्ययनाची पाच अंगे

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड व रॉजर जॉन्सन या बंधूंनी सहकारी अध्ययनाची मांडणी केली आणि कार्ल स्मिथ यांनी ती अभियांत्रिकीच्या वर्गात आणली. या मांडणीत पाच गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : एकाच्या यशावाचून दुसऱ्याचे यश अशक्य व्हावे अशी कामाची रचना, प्रत्येकाचे स्वतंत्र उत्तरदायित्व, समोरासमोर विचारविनिमय, मतभेद हाताळण्याची कौशल्ये आणि गटाने वेळोवेळी घेतलेला स्वतःच्या कामकाजाचा आढावा. यांपैकी एखादे अंग गळाले, तर उरते ती केवळ कामाची वाटणी.

आकडे काय सांगतात?

स्प्रिंगर, स्टॅन व डोनोव्हन यांनी १९९९ मध्ये विज्ञान, गणित व अभियांत्रिकीतील ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. लहान गटांत शिकल्याने गुणवत्तेच्या क्रमवारीत मध्यावर असलेला विद्यार्थी साधारणतः सत्तराव्या शतमकापर्यंत पोहोचू शकतो, असा त्याचा अर्थ निघाला. स्कॉट फ्रीमन व सहकाऱ्यांच्या २०१४ मधील आढाव्यात २२५ अभ्यास होते. निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत अनुत्तीर्णांचे प्रमाण ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांना कृतीत गुंतविणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के आढळले. या दुसऱ्या आढाव्यात गटकार्याखेरीज इतर कृतिशील पद्धतीही समाविष्ट होत्या, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाचे रिचर्ड फेल्डर यांनी १९९० पासून रासायनिक अभियांत्रिकीच्या एका तुकडीला सलग पाच सत्रे सहकारी पद्धतीने शिकविले. पारंपरिक पद्धतीने शिकलेल्या तुकडीच्या तुलनेत या तुकडीतील अधिक विद्यार्थी त्याच शाखेत टिकून राहिले व पदवीधर झाले.

गट कोणी पाडावेत?

गट शिक्षकांनी पाडावेत, असा फेल्डर व त्यांच्या सहकाऱ्यांचा सल्ला आहे. विद्यार्थ्यांवर सोपविल्यास हुशार विद्यार्थी हुशारांनाच निवडतात आणि मैत्रीचे कंपू तयार होतात. गट तीन ते चार जणांचा असावा, तसेच मुलांच्या गटात एकच मुलगी असू नये, असेही ते सुचवितात. निलांजना दासगुप्ता व सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने या शेवटच्या सूचनेला बळ दिले. चौघांच्या गटात तीन मुली असताना पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी अधिक बोलत, तर एकटी मुलगी असताना कमी.

गुणांचा हिशेब

न्याय्य गुणवाटपासाठी सहाध्यायींकडून होणाऱ्या मूल्यमापनाची पद्धत मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात विकसित झाली आणि कॉफमन, फेल्डर व फुलर यांनी २००० मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाने आपल्या व इतरांच्या सहभागाला गुण द्यायचे. एखाद्याच्या सरासरीला गटाच्या सरासरीने भागले, की त्याचा गुणक मिळतो. समजा, प्रकल्पाला ८० गुण मिळाले, गटाची सरासरी ९० आणि एका विद्यार्थ्याची ७२ आहे. त्याचा गुणक ०.८ येईल व त्याच्या पदरी ६४ गुण पडतील. येथे मोजायची असते ती हुशारी नव्हे, तर जबाबदारी पार पाडण्याची वृत्ती. पर्ड्यू विद्यापीठाचे मॅथ्यू ओहलंड व सहकाऱ्यांनी याच हेतूने 'कॅटमी' ही संगणकप्रणाली विकसित केली.

भारताचा संबंध

वॉशिंग्टन करारानुसार सदस्य देश एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्यांचा दर्जा मान्य करतात. जून २०१४ मध्ये भारत या कराराचा पूर्ण सदस्य झाला. नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशनच्या निकषांतही संघात काम करण्याची क्षमता पदवीधराच्या अपेक्षित गुणांपैकी एक आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत अंतिम वर्षाचा प्रकल्प गटाने करण्याचा प्रघात जुनाच आहे. मात्र प्रकल्प गटाला देणे आणि गटात काम करण्यास शिकविणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या पद्धतीत विद्यार्थ्यांची कुरकुरही गृहीत धरावी लागते. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गांवरील २०१९ च्या अभ्यासात, कृतिशील वर्गातील विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले होते, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. म्हणूनच गटकार्याचा हेतू आणि गुणवाटपाचा नियम पहिल्याच तासाला स्पष्ट करणे श्रेयस्कर ठरते. सत्र संपल्यावर केलेल्या तक्रारीने गुणपत्रिका बदलेल, पण हुकलेले शिक्षण परत मिळत नाही.