दीर्घ पल्ल्याच्या अश्वशर्यतीतील क्षारसंतुलनाचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : अश्वाच्या सहनशक्तीचा इतिहास बहुधा स्वाराच्या पराक्रमाचा इतिहास म्हणून लिहिला गेला. दौडीत घोड्याच्या शरीरात काय घडते, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. प्रस्तुत लेखात या बदलाचा मागोवा घेतला आहे.

विजय आणि मृत्यू : ऑक्टोबर १८९२ मध्ये जर्मन व ऑस्ट्रो-हंगेरियन लष्करी अधिकाऱ्यांची बर्लिन व व्हिएन्ना या शहरांदरम्यान दौड झाली. सुमारे ५८० किलोमीटरचे अंतर विजेत्या काउंट श्टारेमबेर्ग याने ७२ तासांहून कमी वेळात कापले. परंतु त्याचा घोडा त्यानंतर मरण पावला. इतरही अनेक घोडे दगावले.

तपासणीचा उदय : १९५५ मध्ये वेंडेल रोबी यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियात एका दिवसात शंभर मैलांची दौड सुरू झाली. तीच पुढे टेव्हिस चषक म्हणून प्रसिद्ध झाली. १९६४ पासून तेथे उत्तम शारीरिक स्थितीतील घोड्यासाठी हॅगिन चषकही देण्यात येऊ लागला. १९७० च्या दशकात डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पशुवैद्यक जी. पी. कार्लसन यांनी अशा घोड्यांच्या रक्तातील क्षारांचा अभ्यास केला.

शास्त्रीय आकलन : मनुष्याचा घाम रक्तद्रवापेक्षा कमी खारट असतो. त्यामुळे घाम गेल्यावर रक्तातील क्षारांची तीव्रता वाढते व तहान लागते. घोड्याचा घाम मात्र रक्तद्रवाइतका किंवा त्याहून अधिक खारट असतो. उष्ण हवेत तासाला १० ते १५ लिटर घाम जाऊ शकतो. पाण्यासोबत सोडियम, पोटॅशियम व क्लोराइडही जातात. परिणामी शरीर कोरडे पडत असूनही घोड्याला पुरेशी तहान लागत नाही. क्लोराइड घटल्याने रक्ताची अल्कधर्मिता वाढते. म्हणून अशा घोड्यास खाण्याचा सोडा देणे अपायकारक ठरते. पाण्याविना नुसते क्षार पाजल्यास शरीरातील पाणी आतड्याकडे ओढले जाते.

रूढ समजुतींची फेरतपासणी : १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपूर्वी उष्ण-दमट हवेतील घोड्यांवर विशेष संशोधन झाले. तापलेल्या घोड्यावर थंड पाणी ओतणे घातक असते, ही रूढ समजूत त्यातून खोडली गेली.

निष्कर्ष : क्षारसंतुलनाचे ज्ञान केवळ औषधोपचारापुरते मर्यादित नाही. मुका प्राणी आपली तहान सांगू शकत नाही. येथे तर त्याचे शरीरही ती त्याला पुरेशी जाणवू देत नाही. म्हणून घोड्याच्या वतीने थांबण्याचा निर्णय घेण्याची जबाबदारी स्वार व पशुवैद्यक यांच्यावर येते. सहनशक्तीच्या इतिहासातील खरी प्रगती वेगात नसून या जबाबदारीच्या स्वीकारात आहे.