चार राजे आणि एक एक्का : पोकरच्या क्रमवारीचा इतिहास

तीन पत्ती खेळून वाढलेला माणूस पोकर शिकू लागला की एका जागी हमखास अडखळतो. तीन पत्तीत ‘सिक्वेन्स’ ‘कलर’पेक्षा वरचढ, पोकरमध्ये नेमके उलटे. घोकंपट्टीची गरज नाही. तीन पानांचे एकूण २२,१०० हात संभवतात. त्यांत निव्वळ सिक्वेन्स ७२०, तर निव्वळ कलर १,०९६. पाच पानांच्या २५,९८,९६० हातांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. जे दुर्मीळ, ते वरचढ.

परंतु आरंभीच्या पोकरमध्ये या दोन्ही गोष्टी नव्हत्याच.

१८०३ मध्ये लुइझियाना फ्रान्सकडून अमेरिकेकडे आला. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच भाषकांत ‘पोक’ नावाचा पैजेचा खेळ होता. पोकर हे नाव त्यावरून आले असावे, असे मानले जाते. (इराणच्या ‘आस नास’पासून पोकर जन्मल्याची कथा समाजमाध्यमांवर फार फिरते. त्या खेळाचे नियम सांगणारी वर्णने मात्र पोकर रूढ झाल्यानंतरची आहेत.)

त्या काळी खेळ वीस पानांचा होता : एक्का, राजा, राणी, गुलाम, दहा. चार खेळाडू, प्रत्येकी पाच पाने; वाटप संपले की हातात राखीव पान उरत नसे. जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, फुल हाऊस, चार सारखी, एवढीच क्रमवारी. आता गंमत पाहा. चार एक्के अजिंक्य, हे उघड आहे. पण चार राजे आणि सोबत एक एक्का हा हातही तितकाच अजिंक्य. कारण एक एक्का तुमच्यापाशी असताना चार एक्के दुसऱ्या कोणाकडे असूच शकत नाहीत. म्हणजे हरण्याची शक्यता शून्य आहे हे ठाऊक असूनही माणूस पैसे लावू शकत असे.

मिसिसिपीवरील आगबोटींत भामट्यांना हेच हवे होते. जो कॉवेल या इंग्रज नटाने डिसेंबर १८२९ मधील असा एक डाव आपल्या १८४४ च्या आठवणींत नोंदवला आहे. हिरवा चष्मा घातलेल्या पत्तेबाजाने पाने आधीच लावून ठेवली होती; धुक्यात बोट आदळली, गोंधळ उडाला आणि स्वतःसाठी राखलेला हात त्याने चुकून दुसऱ्याला वाटला!

पुढे बावन्न पाने आली. खेळाडू वाढले, पाने उरू लागली. म्हणून नको ती पाने टाकून नवी घेण्याची, म्हणजे ‘ड्रॉ’ची सोय झाली. कलर रुळला. सिक्वेन्सला मात्र दीर्घकाळ विरोध होता. कित्येक नियमपुस्तकांत तो ऐच्छिकच असे. त्याच्या बाजूने झालेला एक युक्तिवाद मला विशेष वाटतो : खात्रीच्या विजयावर पैज लावणे सभ्य माणसाला शोभत नाही. एकाच रंगाचा सिक्वेन्स, म्हणजे ‘स्ट्रेट फ्लश’, मान्य झाला आणि चार एक्क्यांचीही खात्री गेली.

आज बहुतेक नवशिके ‘टेक्सास होल्डेम’पासून आरंभ करतात. तेथे पाच पाने सर्वांसमोर उघडी असतात. ती पाहून या क्षणी सर्वोच्च हात कोणता, हे कोणालाही काढता येते. आणि तो ज्याच्यापाशी असेल, त्याला १८२९ ची ती खात्री पुन्हा लाभते.