इटास्का राज्य उद्यान

इटास्का राज्य उद्यान हे अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागातील एक संरक्षित वनक्षेत्र आहे. त्याची स्थापना २० एप्रिल १८९१ रोजी झाली. हे मिनेसोटातील सर्वांत जुने राज्य उद्यान आहे. मिसिसिपी नदी या उद्यानातील इटास्का सरोवरातून उगम पावते. सुमारे १३२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या उद्यानात शंभराहून अधिक लहानमोठी सरोवरे आणि लाल व पांढऱ्या पाइनची प्राचीन वने आहेत. वनातून पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी सामायिक मार्ग आहेत. दरवर्षी सुमारे पाच लाख पर्यटक येथे येतात.

== स्थान व भूगोल ==
उद्यान क्लिअरवॉटर, हबर्ड आणि बेकर या तीन काउंट्यांमध्ये पसरलेले आहे. पार्क रॅपिड्स हे गाव उद्यानाच्या दक्षिणेस सुमारे ३२ किमी, तर बेमिजी हे शहर ईशान्येस सुमारे ५० किमी अंतरावर आहे. मिनियापोलिसपासून रस्त्याने अंतर सुमारे ३५० किमी आहे. हिमयुगाच्या अखेरीस हिमनद्या मागे हटताना साचलेल्या वाळू, खडी व मातीच्या ढिगांमुळे येथील भूभाग उंचसखल झाला असून खोलगट जागी सरोवरे तयार झाली आहेत.

इटास्का सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. त्याला तीन फाटे असून उत्तरेकडील फाट्याच्या टोकातून मिसिसिपी बाहेर पडते. येथे नदी इतकी अरुंद व उथळ आहे की दगडांवरून चालत ती ओलांडता येते. पुढे मेक्सिकोच्या आखाताकडे दक्षिणेस जाणारी ही नदी आरंभी बेमिजीच्या दिशेने उत्तरेकडे वाहते. उगमाजवळील दगडांची रांग मात्र नैसर्गिक नाही. १९३०च्या दशकात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतील तरुणांनी येथील दलदलीचा काठ भरून काढला व दगड रचून सध्याचा प्रवाहमार्ग तयार केला.

== नाव ==
ओजिब्वे भाषेत या सरोवराचे नाव 'एल्क हरणाचे सरोवर' या अर्थाचे आहे आणि फ्रेंच व्यापारीही त्याच अर्थाचे नाव वापरत असत. १८३२ मध्ये ओजिब्वे प्रमुख ओझाविंडिब यांच्या मार्गदर्शनाखाली हेन्री स्कूलक्राफ्ट येथे पोहोचले. 'वेरिटास कापुट' (सत्य व शीर्ष, म्हणजेच खरा उगम) या लॅटिन शब्दांपैकी पहिल्याची शेवटची आणि दुसऱ्याची सुरुवातीची अक्षरे जोडून त्यांनी 'इटास्का' हे नाव घडवले. नाव आदिवासी भाषेतील असल्याचा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

== इतिहास ==
या परिसरात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी शिकारी समूह वावरत असत. सरोवराच्या दक्षिण टोकाजवळ त्यांनी मारलेल्या रानगव्यांचे (बायसन) अवशेष सापडले आहेत. पुढील काळातील दफन टेकड्या उत्तर किनाऱ्याजवळ आहेत.

१८८१ मध्ये विलर्ड ग्लेझियर यांनी मिसिसिपीचा खरा उगम शेजारच्या एका लहान सरोवरात असल्याचा दावा केला. या वादामुळे १८८०च्या दशकाच्या अखेरीस जेकब ब्राउअर यांनी परिसराचे सविस्तर सर्वेक्षण केले आणि इटास्का सरोवरच उगमस्थान असल्याचा निष्कर्ष काढला. सर्वेक्षण करताना भोवतालची पाइन वने लाकूड कंपन्यांच्या हाती जात असल्याचे त्यांच्या लक्षात आले व त्यांनी वनरक्षणाची मोहीम हाती घेतली. उद्यानाचे विधेयक विधिमंडळात अवघ्या एका मताच्या फरकाने संमत झाले. ब्राउअर हे उद्यानाचे पहिले आयुक्त होते.

कायदा झाला तरी उद्यानाच्या सीमेतील बरीच जमीन व तेथील लाकडाचे हक्क खासगी मालकीचे होते. त्यामुळे वृक्षतोड पुढेही अनेक वर्षे चालू राहिली. ओंडके प्रवाहातून वाहून नेण्यासाठी बांधलेल्या धरणामुळे सरोवराची पातळी वाढून काठावरील झाडे पाण्याखाली जात असत. १९०३ मध्ये आयुक्त असलेल्या वडिलांच्या निधनानंतर २४ वर्षांच्या मेरी गिब्स यांनी त्यांचे पद सांभाळले. धरणाचे दरवाजे उघडावेत अशी मागणी त्यांनी केली आणि लाकूड कामगारांनी बंदुकीचा धाक दाखवूनही त्या मागे हटल्या नाहीत. काही महिन्यांतच त्यांच्या जागी दुसऱ्या व्यक्तीची नेमणूक झाली. उत्तर अमेरिकेत उद्यानप्रमुखपद भूषवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. उगमाजवळील पर्यटक केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

== पाइन वन ==
उद्यानात पाइनच्या तीन जाती आढळतात. सुयांवरून त्या सहज ओळखता येतात.

* '''लाल पाइन:''' सुया दोन-दोनच्या जोडीने, १० ते १५ सेंमी लांब. वाकवल्यास कडकन तुटतात. खोडाची साल तांबूस व खवलेदार. हा मिनेसोटाचा राज्यवृक्ष आहे.
* '''पांढरा पाइन:''' सुया पाच-पाचच्या झुबक्यात, मऊ व बारीक.
* '''जॅक पाइन:''' सुया जोडीनेच, परंतु आखूड, साधारणपणे २ ते ४ सेंमी.

=== पुनरुत्पादनाचा प्रश्न ===
कुऱ्हाडीपासून वाचलेली झाडे आज दोनशे ते तीनशे वर्षांची आहेत. मात्र त्यांची जागा घेणारी तरुण झाडे फारच कमी आहेत. याचे एक प्रमुख कारण वनरक्षणाच्या जुन्या पद्धतीतच आहे.

लाल पाइनचे बी रुजण्यासाठी पालापाचोळा नसलेली उघडी माती आणि भरपूर ऊन लागते. पूर्वी जमिनीलगत जाणारे वणवे या दोन्ही गोष्टी घडवून आणत. जाड सालीमुळे मोठी झाडे तगत, तर खालची झुडपे जळून जागा मोकळी होत असे. जॅक पाइनचे अनेक शंकू तर राळेने घट्ट मिटलेले असतात आणि आगीच्या उष्णतेनेच उघडतात. जुन्या खोडांवरील जळाल्याच्या खुणा वार्षिक वलयांशी ताडून पाहिल्यावर येथे सतराव्या शतकापासून वारंवार वणवे लागत असल्याचे दिसून आले. १९२०च्या दशकापासून मात्र आग लागताच विझवण्याचे धोरण अमलात आले आणि पाइनखाली हेझलची दाट झुडपे, मेपल व बाल्सम फर वाढू लागले.

दुसरे कारण पांढऱ्या शेपटीचे हरीण हे आहे. शिकारीवरील बंदी आणि भक्षक प्राण्यांची घट यांमुळे हरणांची संख्या वाढली. हिवाळ्यात ती पांढऱ्या पाइनच्या रोपांचे शेंडे खातात. १९३०च्या दशकात हरणांना रोखण्यासाठी काही जागांना कुंपण घातले गेले. कुंपणाच्या आत व बाहेर वाढलेल्या झाडोऱ्यात पुढे स्पष्ट फरक दिसून आला. पांढऱ्या पाइनला याशिवाय युरोपातून आलेल्या ब्लिस्टर रस्ट या बुरशीजन्य रोगाचाही धोका आहे.

गेल्या काही दशकांत उद्यान प्रशासनाने नियंत्रित आग लावण्यास सुरुवात केली आहे. शरद ऋतूत रोपांच्या शेंड्यावर कागदाचा तुकडा दुमडून टाचला जातो. यामुळे हरीण शेंडा खात नाही आणि वसंतात कोंब कागदातून वर येतो. हरणांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी ठरावीक काळात शिकारीची परवानगीही दिली जाते.

== पायवाटा व सामायिक मार्ग ==
उद्यानात सुमारे ७९ किमी लांबीच्या पायवाटा आहेत. देशाच्या उत्तर भागातून जाणाऱ्या नॉर्थ कंट्री ट्रेल या दीर्घ पल्ल्याच्या वाटेचा काही भाग उद्यानाच्या दक्षिण भागातून जातो.

* '''फरसबंद सायकलमार्ग:''' सुमारे १० किमी. सरोवराच्या पूर्व काठाने डग्लस लॉज (१९०५) ते नदीचा उगम यांना जोडतो. हा मार्ग सायकलस्वार व पादचारी या दोघांसाठी आहे. मार्गात चढउतार व वळणे आहेत. 'प्रीचर्स ग्रोव्ह' हे अडीचशेहून अधिक वर्षे जुन्या लाल पाइनचे वन या मार्गालगत आहे.
* '''वाइल्डरनेस ड्राइव्ह:''' सुमारे १६ किमी लांबीचा एकेरी वाहतुकीचा रस्ता. येथे मोटारी व सायकली एकाच रस्त्यावरून जातात. सायकलमार्गासह त्याची सुमारे २६ किमीची फेरी पूर्ण होते. या रस्त्यालगतचे वन्य अभयारण्य १९६५ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक स्थळ म्हणून घोषित झाले.
* '''डॉ. रॉबर्ट्स ट्रेल:''' डग्लस लॉजजवळून सुरू होणारी सुमारे ३ किमीची पायवाट. दलदल, सरोवरकाठ व जुने वन एकाच फेरीत पाहता येते.
* '''बोहॉल ट्रेल:''' वाइल्डरनेस ड्राइव्हपासून प्राचीन पाइनमधून बोहॉल सरोवराकडे नेणारी लहान पायवाट.

सामायिक मार्गावर उजव्या बाजूने चालावे, सायकलस्वाराने पादचाऱ्यास प्राधान्य द्यावे आणि पुढे जाण्यापूर्वी आवाज वा घंटी देऊन सूचना करावी, असा संकेत आहे. पायवाटा सोडून चालल्यास पाइनची लहान रोपे तुडवली जातात. ही रोपे सुरुवातीची काही वर्षे गवतातून वेगळी ओळखूही येत नाहीत.

== भेटीसंबंधी माहिती ==
उद्यान वर्षभर खुले असते. मोटारीने प्रवेश करण्यासाठी परवाना आवश्यक आहे. पाळीव कुत्रे सुमारे १.८ मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीने बांधलेले असावेत.

* '''उन्हाळा (जून–ऑगस्ट):''' सर्वाधिक गर्दीचा काळ. जूनच्या उत्तरार्धात 'लेडीज स्लिपर' हे ऑर्किड फुलते. हे मिनेसोटाचे राज्यपुष्प असून ते तोडण्यास कायद्याने बंदी आहे. डास व गोचिडांचा उपद्रव असतो. काही गोचिडांमुळे लाइम रोग होऊ शकत असल्याने चालून आल्यावर अंग तपासणे आवश्यक असते.
* '''शरद ऋतू (सप्टेंबर–ऑक्टोबर):''' मेपल, बर्च व अ‍ॅस्पेन यांच्या पानांचा रंगबदल पाहण्याचा काळ. शिकारीच्या दिवसांत भडक केशरी कपडे वापरणे सुरक्षित ठरते.
* '''हिवाळा (नोव्हेंबर–मार्च):''' तापमान शून्याखाली २० अंश सेल्सिअसपेक्षाही खाली जाऊ शकते. काही मार्ग स्कीइंगसाठी, तर काही स्नोमोबाइलसाठी तयार केले जातात. स्कीइंगसाठी १६ वर्षे व त्यावरील व्यक्तींना स्वतंत्र पास लागतो.
* '''वसंत ऋतू (एप्रिल–मे):''' बर्फ वितळल्याने पायवाटांवर चिखल असतो. लून पक्षी सरोवरांवर परततात.