पोथी आणि तबकडी

बुलढाणा जिल्ह्याचे तेथील लोक दोन भाग मानतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखालीं मलकापूर तालुक्यांत नरवेल हें गांव आहे. तेथें १९०८ सालीं डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांचा जन्म झाला. महानुभावांच्या पोथ्यांचें संशोधन हें त्यांचें जीवितकार्य होतें, व त्यांनीं संपादिलेलें ‘लीळाचरित्र’ १९७८ सालीं प्रसिद्ध झालें. तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं सिद्ध केलेल्या या ग्रंथाची मूळ पोथी आज उपलब्ध नाहीं. अनुयायांनीं आठवणींतून आणि नकलांतून तो राखिला, म्हणूनच सातशें वर्षांनीं तो छापतां आला. मूळ वस्तु नाश पावते, नक्कल तेवढी उरते.

चित्रपटाच्या बाबतींत हा धडा फार उशिरां गिरविला गेला. फाळके यांच्या १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्रा’चा कांहीं भागच आज शिल्लक आहे, आणि १९३१ मधील पहिला बोलपट ‘आलम आरा’ याची एकही प्रत हातीं लागलेली नाहीं. १९६४ सालीं पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें. परंतु २००३ सालीं पुण्यांतच जुन्या ज्वालाग्राही फितींना आग लागली. ज्या चित्रांची दुसरी प्रत होती, तींच वांचलीं.

आतां तोच प्रश्न घरोघरच्या कपाटांत येऊन बसला आहे. डीव्हीडी १९९६ सालीं जपानांत प्रथम विक्रीस आली, आणि पुढें लग्नामुंजींचीं चित्रणें तिच्यावर उतरूं लागलीं. अशा भरलेल्या तबकडींत सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो. लेसरच्या किरणानें त्यावर खुणा उमटतात. ऊन, उष्णता व दमटपणा यांनीं तो रंग विटतो. घाटाखालच्या वैशाखांत पत्र्याच्या छपराखालीं पडलेल्या तबकडीस हें भय अधिक. शिवाय नव्या संगणकांत तबकडी घालण्याची सोयच बहुधा नसते. दिवंगत आजीचा आवाज त्या एकाच तबकडींत असेल, तर विलंब परवडणारा नाहीं.

बाजारांतील चित्रपटांचा हक्क दुसऱ्याचा असतो. येथें विचार घरच्या चित्रणाचा आहे. नक्कल करणाराच्या हातून पोथींत पाठभेद शिरत, तसाच धोका येथेंही आहे. तबकडीवरील माहिती जशीच्या तशी उतरून घेतली, तर कांहींच बदलत नाहीं. एका थराच्या तबकडीस सुमारें ४.७ गिगाबाइट जागा पुरते. जागा वांचविण्यासाठीं ती दाबून लहान केली, तर चित्राचा बारीक तपशील गळतो व पुन्हा येत नाहीं. म्हणून प्रथम संपूर्ण तबकडीची तंतोतंत प्रत करावी, आणि मग नित्य पाहण्यापुरती लहान एमपी-फोर फाईल तयार करावी.

पोथीच्या शेवटीं लेखक शक, स्थळ व आपलें नांव लिहीत असे. फाईलीसही वर्ष, गांव आणि प्रसंग यांचें नांव द्यावें. नाहीं तर पन्नास वर्षांनीं चेहरे दिसतील, पण ओळख उरणार नाहीं. संगणकही अमर नाहीं. एक प्रत घाटावरच्या घरीं व दुसरी घाटाखालच्या घरीं असावी, आणि कांहीं वर्षांनीं दोन्ही पुन्हा उतरवाव्यात. पोथ्या याच श्रमानें टिकल्या.