घंटेवर साल, कोयत्यावर नाही

बोळिंजच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी भट्टी पेटते. पोटासाठी नाही, हौसेसाठी. गेल्या महिन्यात ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता घडवला. लालबुंद पातं थंड पाण्यात बुडवलं आणि 'टिक्' आवाज आला. धारेलाच तडा!

लोखंड साधारण 770 अंशांना चुंबकाला चिकटायचं थांबतं. त्याच्या थोडं वर तापवून विझवलं की पोलाद कडक होतं. पण कमानपाट्याचं पोलाद पाण्यात फार झपाट्याने थंड होऊन तडकतं. त्याला तेल लागतं. जुने लोहार चुंबकाशिवाय, अंधाऱ्या शेडमध्ये नुसत्या रंगावरून ताव ओळखत. या कामाला ते 'पाणी देणं' म्हणत.

1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. इथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेवर 1721, तर वाईजवळच्या मेणवलीतल्या घंटेवर 1707 साल आहे.

मग त्या काळचे इथल्या वाड्यांमधले कोयते कुठे गेले? धार लावून लावून झिजले, उरलेला तुकडा पुन्हा भट्टीत गेला. त्यांवर ना साल, ना लोहाराचं नाव. लोहाराचा इतिहास त्याच्या हातात असतो; पुढच्या हातात गेला नाही, तर संपतो.

दुसरं पातं तेलात विझवलं, मग ओव्हनमध्ये पिवळसर रंग येईपर्यंत तापवलं. शेजारच्या वाडीतल्या आजोबांनी नखावर धार पाहिली. "वाकडा आहे रे, पण कापेल."

कोयता आता त्यांच्याच वाडीत झिजतोय.